मायक्रोफिल्मच्या खोलीतल्या कुंदाताई

मी मटार सोलत बसले होते. जानेवारीतला रविवार, बाहेर धुकं इतकं दाट की समोरच्या इमारतीचा जिनासुद्धा दिसत नव्हता. विलासरावांचा फोन आला तेव्हाच मला खरं तर कळायला हवं होतं, कारण कुंदाताईंच्या यजमानांनी इतक्या वर्षांत मला स्वतःहून कधीच फोन केला नव्हता. ते "सुधाताई" म्हणाले. मागे कुणीतरी पंजाबीत मोठ्याने बोलत होतं, चाकं असलेलं काहीतरी फरशीवरून ढकलल्याचा आवाज येत होता. मग म्हणाले, "कुंदा राहिली नाही." मी म्हटलं, "शुक्रवारी तर आम्ही एकत्र डबा खाल्ला…" अशा वेळी माणूस काय बोलतो, त्याला अर्थ नसतो. मी ते वाक्य पुरावा दाखल केल्यासारखं पुढे केलं होतं. विलासरावांनीही ते तसंच घेतलं. "हो," ते म्हणाले, "कारल्याची भाजी होती. तुला आवडते म्हणून जास्त केली होती तिनं." ते मला कधी अरेतुरे करत नाहीत. त्या दिवशी त्यांचं त्यांनाही कळलं नसावं.

पहाटे छातीत कळ आली, दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. झिरकपूरच्या घरून गाडी निघाली, धुक्यात हळूहळू आली, पण डॉक्टर म्हणाले की लवकर पोचला असतात तरी फारसा फरक पडला नसता. आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली. हा पहिला झटका नव्हता. काही आठवड्यांपूर्वी एक येऊन गेला होता आणि तो कुंदाताईंनी अंगावर काढला होता. हे विलासरावांनी मला दुपारी स्मशानाच्या बाकावर बसून सांगितलं. सांगताना ते माझ्याकडे असे बघत होते, जणू मी काहीतरी खुलासा करेन. माझ्याकडे कसला खुलासा असणार? जिच्यासमोर शेकडो मुलं मनातलं बोलली, ती बाई स्वतःच्या छातीतली कळ घरातल्या माणसालाही बोलली नाही, याचा खुलासा कोण करणार?

आज इतके आठवडे झाले तरी माझं मन फोनवरच्या त्या दोन वाक्यांच्या मध्येच कुठेतरी उभं आहे. रडू नीटसं आलेलं नाही. एखाद्या जिन्याची पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि खाली काहीच नसावं, तसं दिवसातून कितीदा तरी होतं. बाराच्या सुमाराला डबा उघडताना होतं, कुणी व्हरांड्यात मराठी बोललं की होतं.

कुंदाताई राऊत आमच्या विद्यापीठात विद्यार्थ्यांच्या समुपदेशक होत्या. मूळच्या अमरावतीच्या. विलासरावांना डेराबस्सीच्या औषधाच्या कारखान्यात नोकरी लागली म्हणून त्या इकडे आल्या आणि मग इथल्याच झाल्या. मी मिरजेची, ग्रंथालयात काम करते. चंदीगडमध्ये मराठी माणसं तशी आहेत, गणपतीत भेटतात, दिवाळीत फराळाची देवाणघेवाण होते. पण रोज मराठीत भांडता येईल असं माणूस मला त्यांच्याच रूपानं मिळालं. त्या माझ्या 'चाललेय-बसलेय'ला हसायच्या आणि मी त्यांच्या 'येऊन राहिली, खाऊन राहिली'ला. हिंदी त्यांना अस्खलित येत होतं, तरी 'का'च्या जागी येणारा वऱ्हाडी 'काहून' त्यातून कधी सुटला नाही. "बेटा, तुम काहून नहीं खाते?" असं त्या एखाद्या सहा फुटी पंजाबी मुलाला विचारायच्या. पुढे पुढे ती पोरंच व्हरांड्यात एकमेकांना "काहून, यार, काहून?" म्हणायला लागली. त्यांना वाटायचं, हा मानसशास्त्रातला शब्द असणार.

आमची ओळख झाली ती त्यांच्या कंटाळ्यातून. त्यांना सुरुवातीला जागा दिली होती मुख्य इमारतीत, डीनसाहेबांच्या कचेरीला लागून. दारावर तीन भाषांत पाटी, बाहेर बाक, बाकासमोर फीच्या खिडकीची रांग. त्या बाकावर बसणारा मुलगा रांगेतल्या सगळ्यांना दिसणार, आणि संध्याकाळपर्यंत ते वसतिगृहात पोचणार. मग कोण येणार? "महिन्याभरात माझ्याकडे एकच जण आला," त्या मला म्हणाल्या होत्या, "आणि त्यानं विचारलं, मॅम, चलान कहाँ मिलेगा?" त्या दुपारभर माझ्याकडे येऊन वाचत बसायच्या. एकदा वाचता वाचता मान वर करून म्हणाल्या की तुझ्या लायब्ररीत पोरं किती निवांत येतात गं, इथं येण्याचं कारण कुणाला सांगावं लागत नाही.

त्या एका वाक्यातून पुढचं सगळं झालं. आमच्याकडे तळमजल्यावर, बांधीव नियतकालिकांच्या मांडण्यांमागे, एक खोली बंद पडून होती. पूर्वी जुनी वर्तमानपत्रं मायक्रोफिल्मवर, म्हणजे फोटोच्या रिळांवर, ठेवलेली असत आणि ती वाचायचं यंत्र त्या खोलीत होतं. यंत्र कधीच मोडलं होतं. खोलीला एक मोठी खिडकी, खिडकीबाहेर कचनाराचं, म्हणजे आपल्या कांचनाचं, झाड. डीनसाहेबांनी परवानगी द्यायला खळखळ केली नाही. नवी पाटी करायला मात्र कुंदाताईंनीच नको म्हटलं. दारावर 'मायक्रोफिल्म कक्ष' असंच राहिलं. मुलांनाही ते इतकं सोयीचं पडलं की "मैं ज़रा माइक्रोफ़िल्म देखके आता हूँ" असं मित्रांना सांगून मुलगा यायचा आणि डोळे पुसून परत जायचा. एक बाहेरून आलेले इतिहासाचे प्राध्यापक तर माझ्याकडे येऊन म्हणाले होते की तुमच्या विद्यार्थ्यांची मूळ साधनांबद्दलची ओढ पाहून भरून आलं.

माझं टेबल त्या खोलीकडे जाणाऱ्या वाटेवर. कुंदाताईंनी पहिल्याच दिवशी मला एक अट घातली. "तू मान वर करायची नाही. कोण आलं, कोण गेलं, तुला माहीतच नाही. मला भेटायला येणारं पोरगं तुझ्या नजरेला घाबरलं तर आपण पाटी काढून काय मिळवलं?" मी ती अट पाळली. माझ्या स्वभावाला ती जडही नव्हती, मी तशीही मान खाली घालूनच वाचत असते. पण डोळे मिटून तर बसता येत नाही. त्यामुळे झालं असं की मी मुलांना बुटांवरून ओळखायला लागले. पांढरे, टाचेशी झिजलेले खेळाचे बूट. सोनेरी नक्षीची जुत्ती. प्रयोगशाळेतले रसायनाचे डाग पडलेले काळे बूट. बूट बदलले की मी दुपारी डबा खाताना सांगायचे, आज जुत्तीवालीनं नवे सॅंडल घातलेत. कुंदाताई घास चावत नुसतं "अस्सं?" म्हणायच्या. त्यापलीकडे एक अक्षर नाही. त्या मुलांचं नाव, गाव, विषय, दुःख, काही म्हणजे काही त्यांनी मला कधी सांगितलं नाही.

कामाची त्यांची पद्धत मात्र त्या सांगायच्या, आणि सांगताना रंगायच्या. दोन खुर्च्या समोरासमोर ठेवायच्या नाहीत, दोन्ही खिडकीकडे तोंड करून ठेवायच्या. बघायला झाड असलं की माणूस बोलतं. आधी दोनच प्रश्न, जेवलास का आणि झोप लागते का. एक मुलगा गेला की पुढचा यायच्या आत खिडकी सताड उघडायची. जानेवारीत, बोटं गारठतील अशा धुक्यातसुद्धा. मी एकदा कुरकुरले की तुमच्या खिडकीमुळे माझे पाय बर्फ होतात. तर म्हणाल्या, "मागच्याचं बोलणं आत तसंच राहते नं, बाप्पा. नव्या लेकराला ताजी हवा द्यावी."

आणि वार. हे मला नीट सांगायला हवं. त्यांच्या आई अमरावतीच्या घरात दारी आलेल्या बाईला हळदकुंकू लावल्याशिवाय जाऊ द्यायच्या नाहीत, आणि कुंकू लावत नसलेली कुणी आली तर तिच्या हातावर फूल आणि गूळ ठेवायच्या, पण रिकामं कुणाला उठू द्यायचं नाही. कुंदाताई म्हणायच्या, "आई कुंकू लावून पाठवायची, मी वार देऊन पाठवते." पुढचा वार सांगितल्याशिवाय त्या कुठल्याही मुलाला खुर्चीवरून उठू द्यायच्या नाहीत. 'गरज लागली तर ये' हे वाक्य त्यांना अजिबात चालायचं नाही. ज्याला खरी गरज असते त्याला तेवढंच सुचत नाही, असं त्यांचं म्हणणं. म्हणून सोमवार, गुरुवार, काहीतरी ठरलेलं. माणसाला एवढं कळलं पाहिजे की त्या दिवशी कुणीतरी आपली वाट बघणार आहे.

दोन वर्षांपूर्वी डीनसाहेबांनी वसतिगृहाच्या वॉर्डनची आणि आम्हा कर्मचाऱ्यांची एक बैठक घेतली होती, तिथे कुंदाताई बोलल्या. एक वॉर्डन म्हणाल्या की मुलीच्या मनात वेडंवाकडं काही असेल असं वाटलं तरी आम्ही तो विषय काढत नाही, उगाच तिच्या डोक्यात भरायला नको. कुंदाताई शांतपणे म्हणाल्या, "पूछने से नहीं आता, मॅडम. जो है, वो पूछने से हल्का होता है. साफ़ शब्दों में पूछिए, और फिर उसको अकेला मत छोड़िए. डॉक्टर के पास साथ में जाइए." परत येताना मी त्यांना म्हटलं, मला नाही बाई असं विचारता येणार. त्या म्हणाल्या, तुला कशाला विचारायची वेळ येते, तुझ्याशी बोलतात ती पुस्तकं.

शेवटच्या शुक्रवारी त्यांनी कारल्याची भाजी आणली होती. त्या स्वतः फार जेवल्या नाहीत. डावा खांदा दाबत होत्या. मी विचारलं तर म्हणाल्या, पित्त झालंय, आणि ही थंडी. माझ्याकडे ओवा आहे का विचारलं, नव्हता. "सोमवारी आणून ठेव," म्हणाल्या. शाल गुंडाळली, खिडकी लावली, खोलीची किल्ली रोजच्यासारखी माझ्या खणात टाकली आणि "येते" म्हणून गेल्या. व्हरांड्याच्या टोकाशी थांबून फोनवर कुणाशी तरी बोलत होत्या. धुक्यात त्यांची जांभळी शाल थोडा वेळ दिसत राहिली.

सोमवारी मी पर्समध्ये ओव्याची पुडी घेऊन ग्रंथालयात गेले. आदल्या दुपारी त्यांना अग्नी दिलेला पाहून आलेली बाई ओवा घेऊन जाते, हे माझं मलाच नंतर ग्रंथालयाच्या दारात कळलं. तिथे उभी असतानाच दुसरी गोष्ट डोक्यात आली. आज सोमवार आहे, आज कुणाचा तरी वार आहे. उद्या मंगळवार आहे. ती मुलं येतील आणि दाराला कुलूप असेल.

मी डीनसाहेबांकडे गेले. भले गृहस्थ आहेत, त्यांचेही डोळे सुजलेले होते. कचेरीत शोकपत्र तयार होत होतं, दुपारी ते विद्यापीठातल्या सगळ्या विद्यार्थ्यांना मेलनं जाणार होतं, खाली मदतीसाठी एक फोन नंबर. मी म्हटलं, सर, हे थांबवा. ज्या मुलांचं कुंदाताईंकडे चालू होतं त्यांना हे खोलीत एकट्यानं, फोनवर वाचायला लागू नये. आधी त्यांना कुणीतरी समोर बसवून सांगितलं पाहिजे. त्यांना ते लगेच पटलं. म्हणाले, "आप तो रोज़ वहीं बैठती हैं. आपको तो पता होगा, कौन-कौन आता था?"

"सर," मी म्हटलं, "मैं सिर्फ़ जूते पहचानती हूँ."

ते माझ्याकडे बघतच राहिले. त्यांना वाटलं असणार, दुःखानं हिचं डोकं ठिकाणावर नाही. पण ते अक्षरशः खरं होतं. कुंदाताईंच्या नोंदींच्या कपाटाला कुलूप होतं, आणि ते दुसऱ्या समुपदेशकाशिवाय कुणी उघडू नये असा नियम त्यांनीच करून घेतला होता. डीनसाहेबांनाही तो मोडायचा नव्हता. नवा माणूस यायला वेळ लागणार होता. इतकी वर्षं आम्ही दोघींनी मिळून एवढा पक्का आडोसा बांधला होता की आता त्या आडोशाआड कोण आहे हेच आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. त्या कुठे बाहेरगावी गेल्या तर आधी मुलांना स्वतः सांगून जायच्या. पण एखाद्या दिवशी न सांगता जावं लागेल, हे त्यांच्यासारख्या बाईला सुचलं नव्हतं आणि मलाही नाही. डीनसाहेबांनी मेल बुधवारपर्यंत रोखला. मी माझी खुर्ची उचलून मायक्रोफिल्मच्या दाराशी नेऊन ठेवली, आणि पहिल्यांदाच मान वर करून बसले.

सोमवारी रसायनाचे डाग पडलेले काळे बूट आले. वर बघितलं तर उंच, सावकाश चालणारा, गर्द निळी पगडी बांधलेला संशोधक विद्यार्थी. मला दाराशी पाहून तो थबकला. म्हणाला, मॅम छुट्टी पे हैं? मी त्याला आत नेऊन बसवलं आणि सांगितलं. तो बराच वेळ झाडाकडे बघत राहिला. मग उठून माझ्या पाया पडला. का, ते मला कळलं नाही. जाताना म्हणाला की वसतिगृहात आणखी दोघं आहेत, तो त्यांना घेऊन येईल. घेऊन आलाही. एकमेकांचं हे त्यांना ठाऊक होतं, आम्हालाच नव्हतं.

मंगळवारी दुपारपर्यंत कुणी आलं नाही. धुकं उतरलं नव्हतं. मग मांडण्यांच्या मधून गुलाबी रबरी स्लिपर येताना दिसल्या, आत राखाडी लोकरीचे मोजे. हे पाय मला माहीत होते. पावसाळ्यात ते नाडी बांधलेल्या कॅनव्हासच्या बुटांत यायचे, दिवाळीनंतर नाडी सुटलेली असायची, आणि या थंडीत नुसत्या स्लिपर. मी मान वर केली. बारीक, केस न विंचरलेली मुलगी होती. तिनं कुलपाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि हिंदीत विचारलं की राऊत मॅम कधी येतील. मी आत चल म्हणायला गेले आणि घाबरून माझ्या तोंडून मराठी निघालं, "आत ये बाळा, सांगते." तर तीही मराठीतच म्हणाली, "तुम्ही मराठी आहात?" ती हिंगोलीकडची होती. तिचं नाव मी इथे लिहिणार नाही. माझ्या टेबलासमोरून पावसाळ्यापासून माझ्याच भाषेची मुलगी ये-जा करत होती आणि कुंदाताईंनी मला कळू दिलं नव्हतं.

मी तिला खिडकीकडे तोंड करून बसवलं आणि शेजारी बसले. सांगितलं. ती रडली नाही, किंचाळली नाही. तिनं नुसतं मला परत विचारलं, मी परत सांगितलं. तिचा फोन कितीतरी दिवस बंदच होता, तिच्यापर्यंत काहीच पोचलं नव्हतं. मग ती अगदी हळू म्हणाली, "पण आज मंगळवार आहे."

मी म्हटलं, हो.

"त्या म्हणाल्या होत्या, मंगळवारपर्यंत काही ठरवायचं नाही. मी थांबले."

मला कुंदाताई हव्या होत्या. त्या खोलीत त्या क्षणी त्यांच्याइतकी गरज मला दुसऱ्या कशाचीही नव्हती, आणि त्या नव्हत्या म्हणूनच आम्ही दोघी तिथे बसलो होतो. मला काहीच येत नव्हतं. जे ऐकून ठाऊक होतं तेवढंच होतं. मी विचारलं, जेवलीस का? तिनं मान हलवली, नाही. झोप लागते का? नाही. मग बाहेर झाडाकडे बघत, आवाज फुटेल तसा, मी विचारलं, "जीव द्यावासा वाटतो का?"

"हो," ती म्हणाली. आणि मग, "आता मी कुठपर्यंत थांबू?"

मी तिला काही शहाणपणाचं सांगितलं नाही. सांगायला सुचलंच नाही. म्हटलं, मला माहीत नाही. मी पुस्तकं देते-घेते, मला यातलं काही येत नाही. पण आज तू एकटी बसायचं नाहीस. आपण दोघी डॉक्टरांकडे जाऊ, आत्ता. तिनं नको म्हटलं, मग म्हणाली, माझ्या पायात बूट नाहीत, बाहेर थंडी आहे. मी माझे बूट काढून दिले. माझ्या खणात एक जुनी चप्पल असते, ती मी घातली.

तिच्या समोरच मी विद्यापीठाच्या आरोग्यकेंद्रातल्या मनोविकारतज्ज्ञ बाईंना फोन लावला. मी कोण, कुठून बोलते हे सांगितलं आणि म्हटलं की एका मुलीला घेऊन येते. मग त्या म्हणाल्या, "राऊत मॅम ने शुक्रवार शाम को फ़ोन किया था. कहा था, मंगलवार को एक बच्ची को ख़ुद लेकर आऊँगी. नाम नहीं बताया था. मैं सोच रही थी, अब उसे कौन लाएगा… आप ले आइए, मैं बैठी हूँ." व्हरांड्याच्या टोकाशी, डावा खांदा दाबत, जांभळ्या शालीतून त्या फोनवर हे बोलत होत्या तर. तिच्या वॉर्डनलाही त्यांनी, मुलीला विचारून, तिचं नाव सांगून शनिवार-रविवार तिच्यावर लक्ष ठेवायला सांगितलं होतं, हे मला नंतर कळलं. सगळ्यांची सोय करून ठेवली होती. स्वतःसाठी मात्र ओवा मागितला होता.

त्या संध्याकाळपासून मुलगी दवाखान्यातच राहिली. तिच्या आईवडिलांना डॉक्टरांनी कळवलं. वडील आले, उतरलेल्या चेहऱ्याचे, पायजमा-सदऱ्यावर कुणाचं तरी मागून आणलेलं जाड जाकीट घातलेले. त्यांनी मुलीला एकदाही काही विचारलं नाही, फक्त तिच्या खाटेशी बसून राहिले. परीक्षा पुढे ढकलता येते हे डीनसाहेबांनी त्यांना तीनदा समजावून सांगितलं. मग ती औषधं घेऊन घरी गेली. दर मंगळवारी तिचा मला फोन येतो. फार बोलत नाही. आज भाकरी केली, आज बैल बघायला शेतात गेले, आज झोप लागली, आज नाही लागली. मी ऐकते आणि ठेवताना पुढचा मंगळवार म्हणते. तिकडच्या डॉक्टरांकडे जाणं चालू आहे. जून-जुलैत परत यायचं म्हणते, बघू.

नव्या समुपदेशक आल्या आहेत, मोहालीच्या, वयानं लहान, मन लावून काम करणाऱ्या. त्यांनी पाटी बदलली नाही. एक गोष्ट मात्र नवी केली आहे. येणाऱ्या प्रत्येक मुलाला त्या पहिल्याच भेटीत विचारतात की एखाद्या दिवशी मी आले नाही, तर तुला कुणी येऊन सांगावं असं तुला वाटतं? ज्याला जे नाव द्यावंसं वाटेल ते तो देतो. निळ्या पगडीच्या मुलानं माझं नाव दिलं, असं त्यानंच मला सांगितलं. मी माझी खुर्ची जागेवर नेली आहे आणि पुन्हा मान खाली घालून वाचायला लागले आहे. पण पूर्वीसारखं जमत नाही. मधेच नजर वर जाते, आणि मुलंही आता त्या नजरेला घाबरत नाहीत.

मागच्या गुरुवारी विलासराव कुंदाताईंचं सामान न्यायला आले. सामान ते काय, विजेची किटली, दोन कप, खुंटीवर राहिलेला स्वेटर. नव्या बाई तेव्हा जेवायला गेल्या होत्या, खोली रिकामी होती. कचनाराला गुलाबी-जांभळी फुलं आली आहेत. विलासराव म्हणाले की मी या खोलीत कधी आलोच नाही, ती कधी येऊ द्यायची नाही. मी त्यांना खुर्ची दिली. ती खिडकीकडे वळलेली होती, ते तसेच बसले. मी दुसऱ्या खुर्चीवर. बराच वेळ आम्ही झाड बघत होतो. मी विचारलं, जेवलात का? म्हणाले, डबा लावलाय, बरा असतो. झोप? त्यावर ते एकाएकी बोलायला लागले. त्या पहाटे त्यांनी आधी गरम पाणी दिलं होतं, मग अंगावर दुलई घातली होती, मग गाडीची काच पुसायला किती वेळ गेला… सगळं, सुरुवातीपासून, एकेक.

बोलून झाल्यावर त्यांनी स्वेटर पिशवीत घातला. किटली राहू दे म्हणाले, पोरांना लागेल. आणि जायला उठले. मी पटकन त्यांच्या आधी दारापर्यंत गेले. अशी मी कधी कुणाच्या वाटेत उभी राहिलेली नाही.

"पुढच्या गुरुवारी या," मी म्हटलं. "याच वेळेला. मी वाट बघते."

ते थोडा वेळ पिशवीकडे बघत उभे राहिले. त्यांना तो वार ओळखू आला असावा. घरात त्यांनीही तो कधीतरी ऐकला असणार.

"येतो," ते म्हणाले.

ते मांडण्यांच्या पलीकडे गेल्यावर मी परत आत आले. नव्या बाईंची पुढची वेळ व्हायला थोडा अवकाश होता. मी खुर्च्या सरळ केल्या आणि खिडकी सताड उघडली.